साठीनंतर शहराबाहेर जमीन घेऊन छोटं घर आणि वाडी उभी करणं झेपतं का?

तुम्ही लिहिलंय की तुम्ही ५८ वर्षांचे आहात, पुण्यात नोकरी, पत्नीचं माहेर इंदूरचं, आणि निवृत्तीनंतर इंदूरच्या आसपास एक-दोन एकर घेऊन राहावं असं दोघांच्या मनात आहे. हे याच वाटेने गेलेल्या कुणाकडून तुम्हाला ऐकायचंय, म्हणून लिहिते आहे.

आम्ही इंदूरचेच, लोकमान्य नगरात घर. २०१५ मध्ये महूच्या पुढे मानपूरच्या बाजूला सव्वा एकर घेतली. तेव्हा मी ५८ची होते, हे ६३चे. मी शाळेत शिकवायचे, हे एका कारखान्यात मेंटेनन्सला. शेती दोघांच्याही हाताला कधी लागलेली नव्हती. आता दहा वर्षं झाली. झेपतं. पण जमीन बघून, घर बांधून, मग उरलं ते शरीरावर ढकलायचं, या क्रमाने झेपत नाही. आधी पाणी मोजायचं, मग आपलं अंग मोजायचं, आणि या दोन्हींतून जे निघेल तेवढीच वाडी करायची.

पाण्यापासून सुरुवात करते. माळव्याची जमीन श्रावणात बघू नका. तेव्हा सगळंच हिरवं असतं, नाल्याला पाणी असतं, दलाल म्हणतो इथे पाण्याला मरण नाही. जुनी म्हणही आहेच, ‘डग डग रोटी, पग पग नीर’. ती म्हण झाली तेव्हा लोक विहिरीच्या मोटेवर शेती करत होते, रात्रंदिवस बोअर उपसत नव्हते. इंदूर शहराला स्वतःला १९७८पासून सत्तर किलोमीटरवरच्या जलूदहून नर्मदेचं पाणी चढवून आणावं लागतंय. तेव्हा मे महिन्यात जा, तेही दुपारी. इथे खाली बेसॉल्टचा कातळ आहे. पाणी राहतं ते वरच्या मुरमाड, झिजलेल्या थरात. त्याच्या खालचा कातळ घट्ट असला तर चारशे फूट बोअर मारूनही धूळच निघते, आणि शेजाऱ्याच्या बोअरला पाणी आहे म्हणून आपल्यालाही लागेल असं अजिबात नाही. म्हणून जुनी विहीर असलेली जमीन घ्या, भाव थोडा जास्त पडला तरी.

आमच्या विहिरीचा व्यास बारा फूट. सौदा करण्याआधी यांनी मालकाला विचारून मेच्या तिसऱ्या आठवड्यात तिची परीक्षा घेतली. काथ्याच्या दोरीला दर फुटावर गाठ, टोकाला दगड. मोटर लावून चार फूट पाणी उपसलं, संध्याकाळी दोरी सोडून गाठी मोजल्या, आणि आम्ही दोघं महूला नातेवाइकांकडे राहिलो. सकाळी सहाला परत दोरी सोडली. पाणी दहा इंच चढलं होतं. बारा फुटी विहिरीत एक फूट पाणी म्हणजे साधारण ३,२०० लिटर, तेव्हा दहा इंच म्हणजे २,७०० लिटर झाले. वर्षातल्या सगळ्यात वाईट दिवसांत आपल्याला रोज इतकंच मिळणार, हे त्या सकाळी कळलं, आणि आमची सगळी वाडी त्या आकड्यावर बेतली. दीड हजार चौरस फुटांची भाजी, चाळीस झाडं, घराचं आणि राखणदाराच्या कुटुंबाचं पाणी, एवढं त्यात ठिबकवर बसतं. सुरुवातीला माझ्या मनात सगळ्या सव्वा एकरात फळबाग होती. ती केली असती तर पहिल्याच उन्हाळ्यात अर्धी झाडं वाळली असती. राहिलेली जमीन शेजारच्या शेतकऱ्याला अर्धेलीने, म्हणजे पिकाच्या अर्ध्या वाट्यावर, दिली आहे. तो पावसाळ्यात सोयाबीन घेतो, हिवाळ्यात गहू किंवा हरभरा. वर्षाचे गहू घरात येतात.

ती दोरी अजून विहिरीपाशी खुंटीला आहे. दर १ आणि १५ तारखेला हे मोजतात आणि वहीत लिहितात. दहा वर्षांची वही आहे. कोणत्या साली मार्चमध्येच भाजीचे दोन वाफे सोडून द्यायचे, हे ती वही सांगते.

छताचं पाणी वाया घालवू नका. इथे वर्षाला ९०० ते १,००० मिलिमीटर पाऊस होतो. आमचं छत ६५० चौरस फूट, म्हणजे ६० चौरस मीटर. वीस टक्के सांडलं-उडालं धरलं तरी चाळीस हजार लिटरच्या वर पाणी मिळतं. पहिले दोन-तीन पाऊस बाहेर जाऊ देतो, मग वाळू-खडीच्या पिंपातून गाळून विहिरीत सोडतो. पिण्याचं पाणी याच विहिरीचं असल्याने पावसाळ्यात ब्लीचिंग पावडर घालावी लागते, हजार लिटरला अडीच ग्रॅम. जास्त झाली तर चहालाही वास येतो.

आता बांधकाम. इथे आमचं नुकसान झालं, ते सांगते. काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते, मे महिन्यात भेगांत कोपरापर्यंत हात जातो. पाया या मातीत ठेवला की घर दरवर्षी हलतं. आम्ही आधी सामानाची एक खोली बांधून घेतली. ठेकेदार म्हणाला, एवढ्याशा खोलीला तीन फूट पुष्कळ झाले. आम्ही मान डोलावली. पहिला पावसाळा सरून उन्हाळा आला तशी खिडकीच्या कोपऱ्यापासून वरपर्यंत तिरकी भेग गेली, रुपयाचं नाणं आडवं आत जाईल एवढी. सिमेंट भरलं, पुढच्या वर्षी तीच भेग बाजूने उघडली. घराच्या वेळी मग यांनी स्वतः उभं राहून मुरूम लागेपर्यंत खणायला लावलं. साडेसहा फुटांवर लागला. जोत्यात काळी माती परत टाकू दिली नाही, मुरूमच भरला आणि चांगला धुम्मस करून, म्हणजे ठोकून घट्ट करून घेतला. घराभोवती तीन फूट फरशीचा पट्टा बाहेरच्या उताराने, म्हणजे पाणी पायाशी मुरत नाही. २०१७ पासून घराला एक भेग नाही. माती सहा-सात फुटांपेक्षा खोल असेल तर चांगल्या इंजिनिअरला दाखवून खाली फुगीर टोकाच्या पाइल घ्याव्या लागतात. तो खर्च जमिनीच्या भावातच धरा.

घर लहान ठेवा. एक खोली, स्वयंपाकघर, ओटा, आणि आतच संडास-न्हाणीघर. मुलं-नातवंडं येतील म्हणून वर मजला काढू नका. ती वर्षातून आठ दिवस येतात, तेव्हा ओट्यावर गाद्या पडतात आणि त्यांना तेच आवडतं. उंबरे नकोत, दारं तीन फुटी, न्हाणीघरात पहिल्या दिवसापासून धरायला दांड्या. मला साठीत हे सगळं उगाच वाटलं होतं. माझा गुडघा बदलला तेव्हा त्या दांडीला धरून मी रडले आहे.

कागदपत्रांचं थोडक्यात. महाराष्ट्रात शेतजमीन घ्यायला शेतकरी असावं लागतं, मध्य प्रदेशात ती अट नाही, त्यामुळे तुम्ही घेऊ शकता. इथे सातबारा नसतो, खसरा आणि बी-१ असतो, फेरफाराला नामांतरण म्हणतात. आदिवासी मालकाची जमीन असेल तर मध्य प्रदेश भू-राजस्व संहितेच्या कलम १६५ची बंधनं येतात. महूकडे अशी जमीन बरीच आहे, तेव्हा कुणी ‘नंतर बघून घेऊ’ म्हणालं तर तिथूनच उठा. आणि रजिस्ट्रीच्या आधी सीमांकन करून घ्या, शेजाऱ्यांना समोर उभं करून. नंतरचे शेजारी तेच असणार आहेत. घराला वीज घरगुती जोडणीचीच घ्या, शेतीच्या फीडरवर दिवसाला दहा तासच येते.

खताबद्दल मात्र सविस्तर लिहिते, कारण वाडीचा जीव त्यात आहे, आणि इंदूरकरांनी हे विसरू नये असं मला मनापासून वाटतं. कंपोस्ट करण्याची जी पद्धत जगभर ‘इंदूर पद्धत’ म्हणून ओळखली जाते, ती आपल्याच कृषी महाविद्यालयाच्या आवारात बसवली गेली. १९२४ मध्ये तिथे वनस्पती उद्योग संस्था सुरू झाली, अल्बर्ट हॉवर्ड तिचे प्रमुख होते, आणि त्यांच्या बरोबरीने काम करणारे रसायनज्ञ यशवंत वाड. १९३१ मध्ये दोघांच्या नावाने ती पद्धत छापून आली. हॉवर्डचं नाव सगळे घेतात, वाडांचं फारसं कुणी घेत नाही. मी शाळेत असताना मुलांना हे सांगायला हवं होतं, तेव्हा मलाच माहीत नव्हतं.

पद्धत अगदी साधी. काडीकचरा, पाला, तण यांचा थर, त्यावर शेण आणि गोठ्यातली मूत मुरलेली माती, थोडी राख, पाण्याचा शिडकावा, परत थर. उन्हाळ्यात दोन-तीन फूट खोल खड्ड्यात, पावसाळ्यात जमिनीवर ढीग, नाहीतर खड्ड्यात पाणी साचून सगळं सडतं. साधारण दोन आठवड्यांनी पहिली पलटी, महिन्याने दुसरी, दोन महिन्यांनी तिसरी, आणि तीन महिन्यांत खत तयार. चौथ्या-पाचव्या दिवशी ढिगात मनगटापर्यंत हात घालून बघायचा. चटका बसून हात मागे घ्यावा लागला तर ठीक चाललंय. कोमट लागला तर शेण कमी पडलंय किंवा कोरडं झालंय. कुबट वास आला तर पाणी जास्त झालं, उघडून वाळकं घालायचं. माझं खत पहिले दोन वेळा बिघडलं ते पाण्यामुळेच. तिसऱ्या वेळी काळंभोर, भुसभुशीत, पहिल्या पावसाच्या वासाचं खत हातात आलं, तो दिवस मला घर पूर्ण झाल्याच्या दिवसापेक्षा जास्त आठवतो. या काळ्या मातीला हे खत तीन-चार वर्षं सतत मिळालं की ती उन्हाळ्यात एवढी फाटत नाही.

झाडांत सीताफळ, लिंबू, शेवगा आणि पेरू यांनी आम्हाला सांभाळलं. पेरूचा लखनौ-४९ लावलाय. पावसाळ्यात येणाऱ्या पेरूला अळी पडते, म्हणून एप्रिल-मेमध्ये त्याचं पाणी तोडतो आणि मृग बहार, म्हणजे पावसाच्या सुरुवातीला येणारा फुलोरा, धरतो. हिवाळ्यात फळ येतं, गोड आणि स्वच्छ. शिवाय पाणी सगळ्यात कमी असतं तेव्हाच ते झाड पाणी मागत नाही. अशी झाडं शोधा.

गाय पाळू नका. हे मी फार जड मनाने लिहिते आहे, कारण आम्ही चौदा महिने पाळली होती. तिला दिवसातून दोनदा वेळेवर माणूस लागतं, ताप असो की कुणाच्या घरी लग्न असो. यांची अँजिओप्लास्टी झाली तेव्हा ती आम्ही शेजारच्या शेतकऱ्याला दिली. दूध आणि शेण त्याच्याकडूनच घेतो. ती अजून मला ओळखते.

राखणदार जोडपं हवंच. त्यांना पक्की खोली, वीज आणि स्वतःची भाजी लावायला जागा द्या, पगार वेळेवर द्या, पोलिसांत नोंद करा. आमच्याकडचं कुटुंब सात वर्षं टिकलंय. शिवारात रोजडे फार आहेत, नीलगाई हो. एका रात्रीत हरभरा साफ करतात. काटेरी तारेला त्या जुमानत नाहीत, घराभोवतीच्या भागाला तरी सहा फुटी जाळी घाला. आणि साप असणार. जमिनीवर झोपू नका, मच्छरदाणी गादीखाली खोचून झोपा, कारण मण्यार रात्री अंथरुणात येते आणि चावल्याचं कळतही नाही. सर्पदंशावरचं इंजेक्शन (अँटीव्हेनम) असलेला सगळ्यात जवळचा दवाखाना कुठे, आणि रात्री दोनला तिथे किती मिनिटांत पोचतो, हे जमीन घेण्याआधी प्रत्यक्ष गाडी चालवून बघा. आम्हाला पस्तीस मिनिटं लागतात. पाऊण तासापेक्षा जास्त लागत असतील तर ती जमीन सोडा, कितीही सुंदर असली तरी.

शहरातलं घर विकू नका. आम्ही आठवड्याचे चार दिवस वाडीवर असतो, तीन दिवस इंदुरात. औषधं, बँक, नाटक, माणसं, सगळं शहरातच आहे. पुण्यातलं घर लांब पडेल, तेव्हा पत्नीच्या माहेराजवळ एखादी भाड्याची खोली तरी ठेवा.

दर दिवाळीनंतर आम्ही दोघं ओट्यावर बसून काय जमतंय आणि काय नाही ते वहीत लिहितो. जे जमत नाही ते सोडतो. शिडी सोडली, फवारणीचा पंप पाठीवर घेणं सोडलं. या वर्षी गराडूही (इथला एक कंद) लावलं नाही. हिवाळ्यात ते खणायला कुदळ लागते, आणि कंद तुटू नये म्हणून दोन-दोन फूट वाकून हाताने माती काढावी लागते. हे काम यांचं होतं, कुणाला करू द्यायचे नाहीत. त्या वाफ्यात आता गवती चहा लावलाय. तो यांनीच सुचवला.