वाचकांचे प्रश्न : होडीतून कांदळवन

प्रश्न : गोव्यातील चोडण बेटावरच्या सलीम अली पक्षी अभयारण्यात होडीने फिरण्यासाठी कोणती वेळ योग्य?

उत्तर : हिवाळ्यातील सकाळ निवडावी, परंतु त्याआधी भरती-ओहोटीचे वेळापत्रक पाहावे. मांडवी नदीतील या बेटावरचे जेमतेम पावणेदोन चौरस किलोमीटरचे कांदळवन भरतीच्या पाण्यात उभे राहते, तेव्हाच होडी अरुंद ओहोळांतून झाडांच्या श्वसनमुळांजवळून आत जाऊ शकते. मात्र चिखल उघडा पडून त्यात तुतवार हे पाणपक्षी किडे शोधू लागतात आणि बगळे निवट्या नावाच्या चिखलातल्या माशांवर टपून बसतात, ते ओहोटीला. त्यामुळे पाणी नुकतेच उतरू लागले असताना होडीत असणे उत्तम. खंड्या मात्र दोन्ही वेळी भेटतो. रायबंदरहून फेरीबोटीने चोडणला पोहोचता येते.