वाचकांचे प्रश्न : आज लावणी, उद्या अभंग

प्रश्न : माझा मुलगा स्वतः गाणी रचून गातो. गेल्या वर्षी लावण्या, मग अभंग, आता रॅप. नातेवाईक म्हणतात, एक काहीतरी धर. काय करू?
– एक आई, सोलापूर

उत्तर : ताई, त्याला अजिबात अडवू नका. त्याला तुमच्याच गावचे शाहीर राम जोशी वाचायला द्या. उत्तर पेशवाईतला हा ब्राह्मण घरातला मुलगा तमाशाच्या फडात रमला, घरच्यांचा रोष पत्करला. पंढरपुरी संस्कृत शिकून आला आणि पुन्हा हाती डफच घेतला! पण शिकलेलं वाया गेलं नाही, संस्कृत थेट लावणीत उतरलं. पुढे कवी मोरोपंतांचा स्नेह लाभला आणि शाहीर कीर्तनाला उभा राहिला. पंतांच्या आर्या, म्हणजे आर्या वृत्तातल्या कविता, घरोघरी पोचल्या त्यात या कीर्तनांचा वाटा फार मोठा.

ढोंगी बैराग्यांवरची राम जोशींची ‘हटातटाने पटा रंगवुनि’ ही रचना मुलाकडून मोठ्याने म्हणवून घ्या. ओळीच्या शेवटापर्यंत यमकाची वाट बघावीच लागत नाही; शब्दाशब्दाला ट आणि ठ डफावरच्या थापेसारखे पडतात. रॅप करणाऱ्या पोराला हे लगेच कळेल, माझी खात्री आहे.

एक मात्र सांगते. राम जोशी फडात बसून लावणी शिकले, पाठशाळेत बसून संस्कृत. नुसतं मोबाइलवर ऐकून अभंग रचता येत नाही. एकादशीला त्याला भजनी मंडळात पाठवा, आधी टाळ धरू दे.