तोफखान्यातून आर्मी चीफ होता येतं का?

नमस्कार ताई, पत्र वाचलं. मुलगा इंग्लंडमध्ये स्लाऊला ए-लेव्हल (आपली बारावी) करतोय, ब्रिटिश पासपोर्ट आहे, रॉयल आर्टिलरीत, म्हणजे ब्रिटिश आर्मीच्या तोफखान्यात, ऑफिसर व्हायचंय आणि तुमच्या मिस्टरांचं म्हणणं की तोफा डागून कोण मोठं होतं, त्यापेक्षा इंजिनिअरिंग कर.

मिस्टरांना ॲलन ब्रुकबद्दल सांगा. हा 1902 ला तोफखान्यात लागला, आयर्लंड झालं, मग भारतात वर्षानुवर्षं घोड्यांच्या बॅटरीत (तोफांच्या तुकडीत) आणि 1914 ला पहिलं महायुद्ध पेटलं तेव्हा बारा वर्षं होत आली तरी साहेब आपले लेफ्टनंटच! पण 1918 पर्यंत लेफ्टनंट कर्नल. मधल्या काळात सोमच्या लढाईत त्यानं फ्रेंचांकडून शिकून नकाशावर रेषा आखल्या, कुठल्या मिनिटाला तोफगोळे कुठल्या रेषेवर पडायचे ते ठरलेलं, म्हणजे पायदळानं त्या माऱ्याच्या मागोमाग चालत जायचं. मिनिट चुकलं की आपलीच पोरं मेली. पुढे स्टाफ कॉलेजात, म्हणजे ऑफिसरांच्या पुढच्या शिक्षणाच्या कॉलेजात, शिकवलं, लार्कहिलच्या आर्टिलरी स्कूलचा प्रमुख झाला आणि 1941 च्या डिसेंबरात थेट ब्रिटिश आर्मीचा प्रमुख, चर्चिलला तोंडावर नाही म्हणणारा. 1944 ला फील्ड मार्शल.

आता हे सगळ्यांच्या नशिबी नसतं, वरच्या खुर्च्या मोजक्याच. पण तोफखान्यातल्या ऑफिसरचं एक बरं असतं, आजही कॅप्टन पुढे पायदळासोबत राहून मारा मागवतो आणि बॅटरी कमांडर, म्हणजे मेजर, पायदळाच्या बटालियनच्या सीओच्या, म्हणजे कमांडिंग ऑफिसरच्या, शेजारी बसून त्याला सल्ला देतो, त्यामुळे आपल्या रँकच्या वरचा प्लॅन लवकर बघायला मिळतो. ब्रुक घडला तो यातच, असं माझं मत.

डिग्री सक्तीची नाही, पण सँडहर्स्टला, म्हणजे ऑफिसरांच्या ट्रेनिंग अकादमीत, बहुतेक जण ग्रॅज्युएट असतात, म्हणून भांडू नका, इंजिनिअरिंग करू दे आणि युनिव्हर्सिटीत ओटीसी (ऑफिसर ट्रेनिंग कोअर, आपल्या एनसीसीसारखं) जॉईन करू दे, पैसेही मिळतात आणि पुढे आर्मीत जायलाच पाहिजे असं बंधन नाही. मग वेस्टबरीला आर्मीच्या ऑफिसर निवड केंद्रात सिलेक्शन, आधी ब्रीफिंग (पहिला टप्पा) मग मेन बोर्ड (अंतिम निवड), पास झाला की सँडहर्स्टचे 44 आठवडे आणि मग लार्कहिल.

वेस्टबरीत वेळ-वेग-अंतराची गणितं तोंडी विचारतात, समोर ऑफिसर प्रश्नांचा भडिमार करत असतो, भलेभले तिथे गडबडतात. पळण्यासोबत त्याचीही प्रॅक्टिस आत्तापासून सुरू करा, रोज जेवताना तुम्हीच दोन गणितं घाला त्याला.