फुल-फ्रेम कॅमेऱ्यासाठी आपत्कालीन निधीला हात लावावा का?

प्रश्न: मी नोकरी करतो आणि सुट्टीच्या दिवशी हौस म्हणून रस्त्यावरचे रोजचे जगणे आणि पाणवठ्यावरचे पक्षी टिपतो. माझ्याकडे २४ मेगापिक्सेलची क्रॉप सेन्सर (लांबी-रुंदीत फुल-फ्रेमपेक्षा १.५ पट लहान सेन्सर) बॉडी, १८-५५ आणि ५५-२५० मिमी अशा दोन लेन्स आहेत. आता २४ मेगापिक्सेलचीच फुल-फ्रेम (३५ मिमी फिल्मएवढ्या सेन्सरची) बॉडी आणि १००-४०० लेन्स घ्यायचा विचार आहे. मासिक उत्पन्न १०० धरले तर खर्च ७५ आणि शिल्लक २५. त्यातले १० दीर्घकालीन गुंतवणुकीत जातात. आपत्कालीन निधी चार महिन्यांच्या खर्चाइतका, म्हणजे ३०० आहे. बॉडी १५० ला आणि लेन्स १०० ला पडते. निम्मे पैसे निधीतून काढायचे आणि निम्म्यासाठी १२ महिन्यांचे, १० टक्के फ्लॅट दराचे कर्ज घ्यायचे असे ठरवले आहे. फोटो स्टॉक साइटवर विकून हप्ता निघावा. बॉडीसाठी ५ आगाऊ भरलेही आहेत. पुढे जाऊ का?

उत्तर: बॉडी घेऊ नका. लेन्स घ्या, पण कर्ज न काढता आणि निधी न मोडता.

आधी कर्ज पाहू. १२५ वर १० टक्के फ्लॅट म्हणजे एकूण परतफेड १३७.५ आणि दरमहा साधारण साडेअकरा. दर दहाचा दिसतो, पण व्याज शेवटच्या हप्त्यापर्यंत पूर्ण १२५ वर लागते, मुद्दल मात्र दर महिन्याला फिटत असते. घटत्या शिलकीवर मांडले तर हाच दर वर्षाला १८ टक्क्यांच्या आसपास जातो. विक्रेत्याने ‘बिनव्याजी हप्ते’ पुढे केले, तर रोखीने घेतल्यास किती सूट मिळते ते विचारा. ५ टक्के सूट सोडून बारा समान हप्त्यांत पैसे भरले, तर त्या सवलतीचा खरा दर वर्षाला साडेनऊ टक्क्यांवर जातो.

निधीची बाजू याहून नाजूक आहे. १२५ काढल्यावर १७५ उरतील. कागदावर हे सव्वादोन महिन्यांपेक्षा थोडे जास्त दिसते. पण नोकरी थांबली तरी हप्ता थांबत नाही, तेव्हा मासिक गरज ७५ नसून साडेशहाऐंशी होते आणि निधी जेमतेम दोन महिने पुरतो. गुंतवणुकीचे १० चालू ठेवले, तर हप्ता फिटेपर्यंत निधीत महिन्याला फक्त साडेतीन परत जातील आणि तो पूर्ववत व्हायला दीड वर्ष लागेल. तुमचा निधी आधीच चार महिन्यांचा आहे. एकट्याच्या पगारावर घर चालत असेल, तर मी तो सहा महिन्यांपर्यंत न्यायला सांगेन. कमी करण्याचा विषयच नको.

इतके सगळे करून पक्षी किती मोठा दिसेल? आज तुमची २५० मिमी लेन्स क्रॉप बॉडीवर फुल-फ्रेमच्या ३७५ मिमीइतका (२५० × १.५) कोन देते. फुल-फ्रेमवर ४०० मिमी लावली की कोन ४०० चाच. म्हणजे २५० खर्चून चौकटीतला पक्षी सहा-सात टक्क्यांनी मोठा होईल. हीच १००-४०० सध्याच्या बॉडीवर लावली, तर कोन ६०० मिमीचा मिळतो. पक्षी लांबी-रुंदीत १.६ पट मोठा होतो आणि त्याच्या वाट्याला अडीच पटींहून अधिक पिक्सेल येतात. जुन्या दोन्ही लेन्स क्रॉप सेन्सरसाठीच बनल्या असतील, तर फुल-फ्रेमवर त्या एकतर बसणार नाहीत किंवा सेन्सरचा मधलाच भाग वापरतील आणि २४ चे दहा-अकरा मेगापिक्सेल उरतील. मग रस्त्यावरच्या फोटोंसाठी तिसरी खरेदी करावी लागेल. ती तुमच्या २५० मध्ये धरलेली नाही.

फुल-फ्रेमचा फायदा खोटा नाही. त्याच पिढीच्या क्रॉप सेन्सरपेक्षा नॉइजमध्ये (फोटोतल्या दाणेदारपणात) साधारण एका स्टॉपचा (एक स्टॉप म्हणजे प्रकाश दुप्पट किंवा निम्मा) फरक पडतो आणि संध्याकाळच्या उजेडात तो दिसतो. पण १८-५५ लेन्स ३५ मिमीला एफ/४.५ च्या जवळपास असते (आकडा जितका लहान तितके अ‍ॅपर्चर, म्हणजे लेन्सचे छिद्र, मोठे), आणि ३५ मिमी एफ/१.८ ची साधी प्राइम (झूम न होणारी) लेन्स तिथेच अडीच स्टॉपांहून थोडा जास्त प्रकाश आत घेते. आयएसओ (सेन्सरची प्रकाश-संवेदनशीलता) ६४०० ला काढावा लागणारा फोटो १००० च्या आसपास निघतो. बॉडीच्या किमतीच्या लहानशा वाट्यात हे काम होते. डेप्थ ऑफ फील्ड, म्हणजे स्पष्ट दिसणाऱ्या अंतराचा पट्टा, मात्र कमी होते. गर्दीत तीन माणसे तीन अंतरांवर असतील, तर एफ/१.८ वर एकच स्पष्ट येईल आणि एफ/४ वर यावेच लागेल.

कुठलीही खरेदी करण्याआधी एक संध्याकाळ स्वतःच्या संग्रहाला द्या. लाइटरूम क्लासिकच्या लायब्ररीत मेटाडेटा फिल्टर उघडा, किंवा फोटो लावून ठेवण्याचे मोफत मिळणारे सॉफ्टवेअर डिजिकॅम वापरा. गेल्या वर्षातले फक्त राखून ठेवलेले फोटो निवडा आणि फोकल लेंग्थ व आयएसओ यांची विभागणी पाहा. पक्ष्यांचे बहुतेक फोटो २५० ला अडकले असतील आणि तरीही खूप क्रॉप केलेले असतील, तर लांब लेन्सची गरज खरी आहे. बरेच फोटो १८ ते ३५ दरम्यान आणि ३२०० च्या वरच्या आयएसओवर असतील, तर आधी प्राइम घ्या. आणि उडत्या पक्ष्यांचे फोटो १/२५० सेकंदाला हललेले दिसले, तर अजून काहीच घेऊ नका. शटर १/१६०० च्या पुढे न्या, ऑटो आयएसओ चालू करा आणि महिनाभर पुन्हा बघा. हललेला फोटो ‘कॅमेरा जुना झाला’ म्हणून खपवणे फार सोपे असते.

स्टॉक साइटचे उत्पन्न हिशेबात शून्य धरा. शटरस्टॉकवर छायाचित्रकाराचा वाटा १५ ते ४० टक्के असतो आणि दर १ जानेवारीला पायरी पुन्हा खालून सुरू होते. अडोबी स्टॉकवर फोटोंसाठी तो ३३ टक्के आहे. पण अडचण वाट्यापेक्षा विषयाची आहे. रस्त्यावरचा ओळखू येणारा चेहरा जाहिरातीसाठी विकायचा तर त्या व्यक्तीचे सही केलेले संमतिपत्र लागते. ते नसेल तर फोटो केवळ संपादकीय (बातम्या, लेख अशा) वापरासाठी जातो आणि त्याची मागणी कमी असते. नेहमी दिसणाऱ्या पक्ष्यांचे फोटो तिथे ढिगाने पडलेले आहेत. चार पैसे आलेच तर लेन्सच्या खात्यात टाका, हप्ता मात्र त्यावर टांगू नका. उपकरणांचा विमा काढला असेल, तर हौशी वापरासाठीची पॉलिसी व्यावसायिक वापराला लागू होते का, हेही तपासा.

आता मार्ग. गुंतवणुकीचे १० जसेच्या तसे आणि उरलेले १५ दरमहा वेगळ्या खात्यात. नवी लेन्स १०० ची असेल तर सात महिने लागतील. वापरलेली ६५ च्या आसपास मिळाली तर पाच महिन्यांत ती हातात येईल आणि दहाएक उरतील. लेन्सच्या बाबतीत मी वापरलेल्या मालाच्या बाजूने आहे, कारण बॉडीची किंमत नवे मॉडेल आले की उतरते, चांगली लेन्स त्या मानाने भाव धरून राहते. मधल्या काळात एकदा दोन दिवसांसाठी लेन्स भाड्याने घ्या. साध्या १००-४०० चे वजन सव्वा किलोच्या आसपास आणि १५०-६०० चे दोन किलोच्या घरात असते. खांद्याला न पेलणारी लेन्स कपाटात राहते, आणि तुमची हौस तर रोजचे टिपण्याची आहे.

वापरलेली लेन्स घेताना दोन्ही टोपणे काढा, अ‍ॅपर्चर पूर्ण उघडे ठेवा आणि मोबाइलचा टॉर्च मागून तिरपा मारा. धुळीचे दोन-चार कण चालतात. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर ती बुरशी आहे, स्वस्त असली तरी सोडा. पात्यांवर तेलाची चमक असेल तर अ‍ॅपर्चर पुढे अडकू शकते. मग विटांच्या भिंतीसमोर ट्रायपॉडवर बॉडी भिंतीला समांतर ठेवून ४०० मिमीला, पूर्ण उघड्या अ‍ॅपर्चरवर फोटो घ्या. चारही कोपरे सारखेच मऊ असतील तर ठीक. एकच बाजू धूसर असेल तर आतले भिंग सरकले आहे, बहुधा लेन्स पडलेली आहे. स्थिरीकरण चालू-बंद करून १/६० ला हातात धरून दहा-दहा फोटो काढा, आणि फोकस लांबून जवळ नेताना घरघर होते का ऐका. बॉडी आणि लेन्सचा माउंट (लेन्स जोडण्याची खाच) एकच आहे याचीही खात्री करा. कॅनन आणि निकॉनने २०१८ मध्ये मिररलेससाठी (आत आरसा नसलेल्या कॅमेऱ्यांसाठी) नवे माउंट आणले, म्हणून जुन्या बॉडीवर त्या नव्या लेन्स बसत नाहीत.

उरलेल्या दहामधून हवाबंद डबा, सिलिका जेल आणि आर्द्रतामापक घ्या. आर्द्रता ४० ते ५० टक्क्यांत ठेवा, बराच काळ ६० च्या वर राहिली तर बुरशीला वाव मिळतो. साठवणुकीसाठीही बाजूला ठेवा. आठवड्याला ५०० रॉ (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या) फाइल्स, प्रत्येकी २५ एमबी, म्हणजे वर्षाला ६५० जीबी आणि दोन प्रती ठेवल्या तर १.३ टीबी. आठवड्याला निम्म्या फाइल्स निर्दयपणे उडवल्या, तर हा खर्चही निम्मा होतो.

बॉडीचा विचार निधी सहा महिन्यांचा झाल्यावर करा, किंवा सध्याच्या बॉडीचे शटर खरोखर बिघडले तर. सुरुवातीच्या श्रेणीतल्या डीएसएलआरना (आरशाच्या कॅमेऱ्यांना) साधारण एक लाख क्लिकचे मानांकन असते, पण तो आकडा म्हणजे मुदत नव्हे.

राहिले आगाऊ भरलेले ५. विक्रेत्याला लेखी विचारा, रक्कम परत मिळते का, नाहीतर ३५ मिमी प्राइममध्ये वळवता येते का. दोन्ही उत्तरे नकारार्थी आली, तरी ते ५ गेलेच असे समजून निर्णय घ्या. ते वाचवायला आणखी १४५ भरावे लागतात. चौकशी मात्र बॉडीचे बिल फाडण्याआधी करा, बिल झाल्यावर बहुतेक ठिकाणी वापरलेला माल म्हणूनच परत घेतात.