४ एमबी रॅमच्या मोनोक्रोम सन ३/५० वर एक्स सर्व्हर आणि ब्राउझर चालेल का, की मशीन भंगारात द्यावं?

सन कंपनीचं हे जुनं वर्कस्टेशन भंगारात अजिबात देऊ नका. एक्स सर्व्हर, म्हणजे पडद्यावर खिडक्या काढणारा प्रोग्रॅम, चालतो.

"४ एमबीत एक्स? विसरा" असं ठणकावून सांगणाऱ्यांशी मी पुष्कळ भांडलोय. त्यांचा हिशोब रंगीत मशीनचा असतो. ३/५० चा पडदा ११५२ × ९००, पिक्सेलला एक बिट. म्हणजे सगळा फ्रेमबफर (पडद्यावरचं चित्र साठवणारी जागा) १,२९,६०० बाइटचा. ८ बिटी असता तर १०,३६,८०० लागले असते. ३/५० मध्ये ही जागा मुख्य रॅममधूनच जाते, आणि सर्व्हरमधले पिक्समॅपही (पडद्याबाहेर ठेवलेली चित्रं) आठपट लहान होतात. तेव्हा इथे मोनोक्रोम पथ्यावरच पडतं.

रॅम खातात ते क्लायंट, म्हणजे सर्व्हरकडून खिडक्या काढून घेणारे प्रोग्रॅम. एक्सटर्म (टर्मिनलची खिडकी), विंडो मॅनेजर सगळं होस्टवर, म्हणजे नेटवर्कवरच्या दुसऱ्या मशीनवर, ठेवा. ३/५० वर नेटबीएसडी या युनिक्ससारख्या सिस्टीमच्या जुन्या आवृत्तीचं कर्नल आणि एक्ससनमोनो हा मोनोक्रोम एक्स सर्व्हर, बस. सर्व्हरला "-क्वेरी" आणि होस्टचं नाव द्या. होस्टवर एक्सडीएमच्या (लॉगिनची खिडकी देणारा प्रोग्रॅम) कॉन्फिगमधली "रिक्वेस्टपोर्ट: ०" ही ओळ "!" लावून बंद करा, एक्सॲक्सेस या परवानगीच्या फाइलमध्ये ३/५० चं नाव घाला. पडद्यावर राखाडी जाळी आणि एक्सचा कर्सर दिसतोय, पण लॉगिन येत नाही? मग होस्टवरचा यूडीपी १७७ उघडा आहे का ते बघा, आणि होस्टकडून ३/५० च्या टीसीपी ६००० पर्यंत वाट आहे का तेही. लॉगिनची खिडकी होस्टच उघडतो, त्यामुळे ही जोडणी उलट दिशेने येते. बहुतेक जण इथेच अडकतात.

"-बीएस" आणि "-एसयू" न चुकता द्या. नाहीतर बॅकिंग स्टोअर (झाकलेल्या खिडकीची रॅममधली प्रत) पूर्ण पडद्याच्या एकेका झाकलेल्या खिडकीमागे सव्वाशे केबी खाईल, आणि स्वॅप एनएफएसवर (नेटवर्कवरून वापरायच्या फाइलींवर) असेल तर माउसही अडखळेल. "फिक्स्ड" आणि "कर्सर" हे फाँट सापडलेच पाहिजेत, त्यांच्याशिवाय सर्व्हर उठतच नाही. मोठे आउटलाइन फाँट टाळा.

मजकूर गायब झाला तर रंग तपासा. १ बिटावर प्रत्येक रंग काळा किंवा पांढरा होतो. फिकट राखाडी अक्षरं पांढऱ्यावर उरत नाहीत. एक्सआरडीबी (एक्स प्रोग्रॅमच्या रंग-फाँटच्या सेटिंग भरणारी आज्ञा) रंगीत पडद्यावरच "कलर" डिफाइन करतो, म्हणून रंगाच्या ओळी "#इफडेफ कलर"मध्ये ठेवा.

डिस्कशिवाय बूट करताना टीएफटीपीतल्या (बूटची फाइल नेटवर्कवरून देणारी सेवा) फाइलचं नाव म्हणजे हेक्समधला आयपी: १९२.१६८.१.१० चं सी०ए८०१०ए. बूटला एनएफएसची दुसरी आवृत्ती लागते, ती हल्लीच्या पुष्कळ लिनक्समध्ये बंद असते. सर्व्हर नेटबीएसडीचा ठेवलात तर हा ताप वाचतो.

ब्राउझर म्हणाल तर एक्सटर्ममध्ये लिंक्स, हा फक्त मजकूर दाखवणारा ब्राउझर. आजची टूलकिट (खिडक्या-बटणं काढणाऱ्या लायब्रऱ्या) रंगीत व्हिज्युअल आणि रेंडर एक्सटेन्शन धरून चालतात, त्यांच्या नादी लागू नका.

राहिलेलं एक: एक्सडीएमसीपीने, म्हणजे वरच्या क्वेरीमागच्या प्रोटोकॉलने, मिळालेल्या सत्रात पासवर्डसकट सगळं उघडं जातं, तेव्हा नेटवर्क वेगळं ठेवा. मूळ मॉनिटर जपा. व्हिडिओ सिग्नल ईसीएल या वेगळ्या विद्युत पातळीचा आहे, साधा व्हीजीए ॲडाप्टर लावून काही दिसणार नाही. ऑप्टिकल माउसची रेघांची धातूची पाटीही हवी, आणि ती आडवीची उभी फिरवली तर कर्सर भलतीकडे जातो.

"रंगीत कार्ड शोधा" असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. त्याने हे मशीन कधी उघडून पाहिलेलं नाही: ३/५० ला व्हीएमईचा (कार्ड जोडायची बस) स्लॉटच नाही, कार्ड बसवणार कुठे?