वहीतले दोन रकाने

साडेतीन वर्षांच्या मुलाला स्वमग्नता (ऑटिझम) असल्याचे निदान झाल्यावर पंधरा दिवसांनी त्याची आई माझ्याकडे आली (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत). "मॅडम, मी घरून काम करताना त्याच्या हातात मोबाइल दिला, म्हणूनच हे झालं ना?" खुर्चीत नीट टेकण्याआधीच तिने विचारले. सोबत चौकड्यांची वही होती. डाव्या रकान्यात मोबाइलचे तास, उजव्या रकान्यात मुलाने उच्चारलेले शब्द. जास्त तास आणि कमी शब्द असलेले दिवस तिने लाल पेनाने अधोरेखित केले होते.

वही मी शेवटपर्यंत वाचली, कारण नोंद प्रामाणिक होती. एक चल (म्हणजे बदलणारी, मोजता येणारी गोष्ट) वाढतो तेव्हा दुसरा घटतो, याला ऋण सहसंबंध म्हणतात. परंतु सहसंबंध गुणांक, म्हणजे हे नाते किती घट्ट आहे हे सांगणारा आकडा, -१ च्या (सर्वांत घट्ट ऋण नात्याच्या) कितीही जवळ गेला, तरी कशामुळे काय घडले हे तो सांगू शकत नाही. ज्या मुलाचे मन माणसांत कमी रमते ते पडद्यापुढे शांत बसते आणि थकलेले घर त्याला तोच पुन्हा पुन्हा देते, म्हणजे कारण आणि परिणाम यांची दिशा उलटीही असू शकते. तापाच्या दिवशी तर मूल कमी बोलते आणि मोबाइलही अधिक पाहते. तेव्हा दोन्ही रकाने तिसराच घटक हलवत असतो.

आईला दोष देण्याची चूक तज्ज्ञांनीही केली आहे, आणि त्याचे मला आजही वाईट वाटते. मानसोपचारतज्ज्ञ लिओ कॅनर यांनी १९४३ मध्ये अशा ११ स्वमग्न मुलांचे वर्णन केले. पुढे ब्रुनो बेटलहाइम यांनी १९६७ च्या पुस्तकात पालकांच्या, विशेषतः आईच्या, थंडपणाला जबाबदार धरले. तेही तुलनेसाठी नियंत्रित गट, म्हणजे स्वमग्नता नसलेल्या मुलांची कुटुंबे, नसताना. १९७७ मध्ये सुझन फोलस्टाइन आणि मायकेल रटर यांनी जुळ्यांच्या २१ जोड्या तपासल्या. जनुके जवळपास तीच असलेल्या एकसारख्या जुळ्यांच्या ११ जोड्यांपैकी ४ जोड्यांत दोन्ही मुले स्वमग्न होती, तर भिन्न जुळ्यांच्या १० जोड्यांपैकी एकाही जोडीत तसे नव्हते. नमुना लहान होता, पण आनुवंशिकतेचा मोठा वाटा पुढच्या मोठ्या अभ्यासांतही दिसला.

मी तिला पहिल्या वाढदिवसाची चित्रफीत दाखवायला सांगितली. औक्षण चालू होते, सगळे त्याला नावाने हाका मारत होते आणि तो निरांजनाच्या ज्योतीवरून नजर हलवत नव्हता. "तेव्हा तर मी रजेवर होते. मोबाइल त्याला माहीतही नव्हता," ती हळूच म्हणाली. एक चित्रफीत म्हणजे पुरावा नव्हे, हेही मी तिला सांगितले. मोबाइल कमी करायचाच, कारण त्यात गेलेला वेळ खेळण्याबोलण्यातून वजा होतो. मात्र तो प्रायश्चित्त म्हणून नव्हे.

पुढच्या भेटीत वहीत तिसरा रकाना आखलेला होता. त्याला तिने मथळा दिला होता : झोप, ताप, पाहुणे.