रोबोचं नंतर बघू, आधी गुडघा

आईला (वय ६३) एका डॉक्टरांनी रोबोटिक पार्शल (रोबोच्या मदतीने गुडघ्याचा फक्त झिजलेला भाग बदलणं) सुचवलंय, दुसरे म्हणतात पूर्ण गुडघाच बदला, आणि रोबोचे जादा पैसे द्यावेत का, असं तुम्ही विचारलंय. माझ्या उजव्या गुडघ्याचं रोबोटिक पार्शलच चार वर्षांपूर्वी झालं. मी डॉक्टर नाही, पण आधी वर्षभर चौकशी करत हिंडले होते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

रोबो तूर्त बाजूला ठेवा. आईचा गुडघा पार्शलमध्ये बसतो का, ते आधी बघा. गुडघ्याचे तीन कप्पे: आतला, बाहेरचा आणि वाटीमागचा. आपल्याकडे बहुतेकांचा आतला आधी झिजतो, म्हणून तर पाय धनुष्यासारखे वाकत जातात. झीज एकाच कप्प्यात असेल, एसीएल हे लिगामेंट (गुडघ्याच्या आतला, हाडं जोडणारा पट्टा) शाबूत असेल, वाकडेपणा हाताने दाब दिल्यावर सुधारत असेल आणि आमवात नसेल, तर तेवढाच कप्पा बदलून भागतं. सर्जननी मला पहिल्यांदा विचारलं, "कुठे दुखतं ते एका बोटाने दाखवा." मी आतल्या बाजूला नेमकं सांध्यावर बोट टेकवलं. नणंदेला हेच विचारलं तर तिने अख्खा पंजा गुडघ्यावरून फिरवला. तिचा पुढे पूर्ण बदलावा लागला. अर्थात नुसत्या बोटावर निर्णय होत नाही. एक्स-रे उभं राहून काढलेला हवा. झोपून काढलेल्यात हाडांमधली फट शिल्लक दिसते, वजन पडलं की हाडाला हाड लागलेलं कळतं. आणि फट खरोखरच शिल्लक असेल तर घाई करू नका, अशा गुडघ्यात पार्शल केलं की दुखणं राहण्याची शक्यता जास्त.

आता रोबो. माझं 'माको' नावाच्या रोबोवर झालं. आधी सीटी स्कॅन, त्यावरून संगणकावर आखणी. ऑपरेशनच्या वेळी मांडीच्या आणि नडगीच्या हाडात पिना बसवून कॅमेऱ्याला पायाची जागा कळेल अशी सोय करतात. हत्यार सर्जनच्याच हातात असतं, ठरलेल्या हद्दीबाहेर जायला लागलं की यांत्रिक हात अडवतो. नडगीवर त्या पिनांचे दोन ठिपके अजून आहेत, शर्टाच्या बटणाएवढे. सीटी न लागणारी, हातात धरायची यंत्रंही मिळतात.

फायदा किती? ग्लासगोमध्ये रोबोने आणि नेहमीच्या पद्धतीने केलेल्या पार्शलची १३९ रुग्णांवर तुलना झाली. रोबोने इम्प्लांट (बसवलेला कृत्रिम भाग) जास्त अचूक बसलं, पण दोन वर्षांनी दोन्ही गटांतले लोक सरासरी जवळपास सारखेच बरे होते. पार्शल की पूर्ण, यावर ५२८ रुग्णांचा ब्रिटिश अभ्यास २०१९ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आला. पाच वर्षांनी दोन्हींचे निकाल सारखे आणि पार्शल स्वस्त पडलं. पण ब्रिटनच्या नोंदी पाहिल्या तर पार्शल पुन्हा उघडण्याची वेळ पूर्ण बदललेल्यापेक्षा जास्त वेळा येते, आणि जे सर्जन पार्शल क्वचित करतात त्यांच्याकडे तर जास्तच. म्हणून "रोबो कुठला?" याआधी "वर्षाला पार्शल किती करता?" हे विचारा. मी विचारलं होतं, एक डॉक्टर रागावले. त्यांच्याकडे गेलेच नाही!

पैशांचं: ऑगस्ट २०१७ पासून गुडघ्याच्या इम्प्लांटच्या किमतीला सरकारी मर्यादा आहे, रोबो वापरण्याच्या शुल्काला नाही. त्यामुळे बिलात 'रोबोटिक किट', 'डिस्पोजेबल' अशा ओळी उगवतात. माझ्या बिलात त्या आधी न सांगता आल्या. रोबोटिक सर्जरी विम्यातून सरसकट वगळता येत नाही, पण कंपनी तिच्यावर वेगळी मर्यादा घालू शकते. ती मर्यादा आणि अंदाजपत्रक, दोन्ही ॲडमिट होण्याआधी लेखी घ्या.

मला त्याच संध्याकाळी वॉकर धरून उभं केलं, तिसऱ्या दिवशी घरी. चालणं लवकर जमतं, पण गुडघा पूर्ण सरळ करताना जीव जातो. टाचेखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून गुडघा गादीकडे दाबायचा, दिवसातून चार-पाच वेळा. इथे लाड केले की पाय किंचित वाकलेला राहतो. आता मांडी घालते, जिना चढते, उकिडवी मात्र बसत नाही.

आईचा उभ्याने काढलेला एक्स-रे झालाय का? झाला असेल तर रिपोर्टमध्ये बाहेरच्या कप्प्याबद्दल काय लिहिलंय ते नाव झाकून इथे टाका. नसेल, तर तिसऱ्या डॉक्टरकडे जाण्याआधी तो काढून घ्या.